जुनं कंपनीचं मशीन घेतलंत? आधी त्याच्या आतला दुसरा कॉम्प्युटर ताब्यात घ्या

सांगलीत मार्केट यार्डापासून गणपती पेठेपर्यंत कुठल्याही अडत दुकानात, पतसंस्थेत, दवाखान्यात डोकावून बघा. टेबलाखाली काळा, बुटका डेल ऑप्टिप्लेक्स नाहीतर एचपी एलिटडेस्क दिसेल. मोठ्या शहरांतल्या कंपन्या हे डबे काही वर्षं वापरून लॉटने काढतात आणि ते फिरत फिरत आपल्याकडे येतात. नव्याच्या मानाने फार कमी पैशांत सहाव्या-सातव्या पिढीचा आय-फाइव्ह मिळतो, त्यावर टॅली पळतं, संस्थेचं बँकिंग सॉफ्टवेअर पळतं. माझी गिऱ्हाइकं म्हणजे पतसंस्था, तासगावकडची बेदाण्याची कोल्ड स्टोरेजं आणि मिरजेतले दवाखाने. त्यांना मी स्वतःच ही मशीनं घ्यायला सांगते. फक्त एक अट असते. मशीन माझ्या टेबलावरून गेल्याशिवाय त्याला नेटवर्कची वायर लावायची नाही.

कारण ही मशीनं नेमकी त्या जातीची असतात ज्यांच्यात दुरून ताबा घेण्याची सोय कारखान्यातूनच बसवलेली असते. विकणारा विंडोज नवं टाकून देतो, एसएसडी नवी घालतो, वरून कापडाने पुसतोही. पण ही सोय विंडोजमध्ये नसतेच, डिस्कवरही नसते. ती मदरबोर्डावरच्या चिपमध्ये असते आणि तिचा पासवर्ड आधीच्या कंपनीच्या आयटीवाल्याने ठेवलेला तसाच राहू शकतो. गाळा भाड्याने घेतला की आपण पहिलं कुलूप बदलतो, तसंच हे काम आहे. ते कसं करायचं, आणि नंतर हीच सोय स्वतःच्या फायद्यासाठी कशी वापरायची, ते लिहिते.

आत काय बसलेलं असतं

इंटेलच्या मशीनमध्ये चिपसेटच्या आत एक वेगळा छोटा प्रोसेसर असतो. त्याला मॅनेजमेंट इंजिन म्हणतात, थोडक्यात एमई. त्याची स्वतःची ऑपरेटिंग सिस्टिम असते, मुख्य रॅमचा थोडा भाग तो स्वतःसाठी राखून ठेवतो. मशीन शटडाउन केलं तरी प्लगमध्ये वीज असेल तर पॉवर सप्लायच्या स्टँडबाय लाइनवर त्याला जागं राहता येतं. २०१५ साली आलेल्या सहाव्या पिढीपासून त्यावर मिनिक्स चालतं. मिनिक्स लिहिणारे प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांना, आपली सिस्टिम जगातल्या असंख्य कॉम्प्युटरांत गुपचूप चालतेय, हे २०१७ मध्ये बातम्यांतून कळलं. त्यांनी इंटेलला जाहीर पत्र लिहिलं की एक शब्द सांगितला असता तर बरं वाटलं असतं.

आता इथे एक गल्लत नेहमी होते. एमई गेल्या पंधराएक वर्षांतल्या जवळपास प्रत्येक इंटेल मशीनमध्ये आहे. पण नेटवर्कवरून मशीन चालू-बंद करणं, स्क्रीन बघणं, कीबोर्ड-माउस हातात घेणं ही सोय एमईवर चालणाऱ्या एका वेगळ्या भागाची. त्याचं नाव अ‍ॅक्टिव्ह मॅनेजमेंट टेक्नॉलॉजी, म्हणजे एएमटी. ती २००६ पासून व्हीप्रो नावाखाली कंपन्यांसाठीच्या मशीनांत येते. घरगुती मशीनमध्ये एमई असतो, एएमटी नसते. म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर 'तुमच्या प्रोसेसरमध्ये गुप्तहेर आहे' असा फॉरवर्ड आला की मी आधी विचारते, मशीन कुठलं?

व्हीप्रो आहे का, हे ओळखायचं कसं

डब्यावर व्हीप्रोचा स्टिकर असेल तर ठीक, पण जुन्या मालात स्टिकर बरेचदा खरवडलेला असतो. मी थेट डिव्हाइस मॅनेजर उघडते आणि नेटवर्क अ‍ॅडाप्टरचं नाव बघते. आय-२१९-एलएम किंवा आय-२१७-एलएम असं शेवटी एलएम असेल तर एएमटी असण्याची शक्यता दाट. शेवटी नुसता व्ही असेल तर विषय संपला. सिस्टिम डिव्हाइसेसमध्ये 'मॅनेजमेंट इंजिन इंटरफेस' दिसलं म्हणून एएमटी आहे असं समजू नका, ते सगळीकडे दिसतं. चिपसेटचं नाव क्यू अक्षराने सुरू झालं, म्हणजे क्यू-८७, क्यू-१७०, क्यू-२७० वगैरे, आणि प्रोसेसर आय-फाइव्ह किंवा आय-सेव्हनचा व्हीप्रोवाला असला तर नक्की. ऑप्टिप्लेक्स ७०४० आणि ७०५०, एलिटडेस्क ८०० ची दुसरी-तिसरी आवृत्ती, लेनोव्होचं थिंकसेंटर एम-९००, ही मंडळी या घराण्यातली. ऑप्टिप्लेक्स ३०४० स्वस्तात मिळतं, पण त्यात ही सोय नाही. दुकानदार 'सगळी सेमच ओ मॅडम' म्हणतो. म्हणू द्या.

हात लावण्याआधी एक काम

पुढचं सगळं करताना बायॉसची, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रामची, सेटिंगं बदलतील, कदाचित बोर्डावरचा सेलही काढावा लागेल. मशीन आधीपासून वापरात असेल आणि त्यावर बिटलॉकर, म्हणजे विंडोजने डिस्कला लावलेलं कुलूप, चालू असेल, तर आधी रिकव्हरी की काढून घ्या. ती ४८ आकडी असते. कंट्रोल पॅनेलमध्ये बिटलॉकरच्या पानावर बॅकअपचा पर्याय आहे. विंडोज मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केलं असेल तर की त्या खात्यातही सापडते. छापून घ्या, मग बिटलॉकर तात्पुरतं सस्पेंड करा.

हे सांगायचं कारण असं की इंटेलच्या बऱ्याच मशीनांत वेगळी टीपीएम चिप नसते. कुलपाच्या किल्ल्या सांभाळणारं टीपीएम याच एमईमध्ये फर्मवेअर, म्हणजे चिपमध्येच भरलेला प्रोग्राम, म्हणून चालतं, बायॉसमध्ये त्याला पीटीटी म्हणतात. एमईला धक्का लागला की टीपीएमला लागतो, आणि सकाळी कॅशियर मशीन चालू करते तेव्हा समोर निळं पान येतं: रिकव्हरी की टाका. तेव्हा की कुणाच्याच जवळ नसते. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतंच, विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे आता हा प्रसंग जास्त जणांवर येणार.

आधीच्या मालकाची किल्ली

नेटवर्कची वायर काढलेली. मॉनिटर, कीबोर्ड लावलेला. मशीन चालू करताच कंट्रोल धरून पी दाबत राहा. डेलमध्ये एफ-१२ दाबून येणाऱ्या बूट मेन्यूत तळाला मॅनेजमेंट इंजिन बायॉस एक्स्टेन्शन असा पर्यायच असतो, तो सोपा पडतो. एचपीवर एस्केप दाबून येणाऱ्या यादीत सापडतो. जे पान उघडतं त्याचं लघुनाव एमईबीएक्स.

तिथे लॉगिनला पासवर्ड मागतात. कारखान्यातून आलेला पासवर्ड असतो अ‍ॅडमिन, इंग्रजी छोट्या लिपीत. तो टाकून बघा.

चालला आणि लगेच नवा पासवर्ड मागितला, तर मशीन कोरं आहे. नवा पासवर्ड ठेवा. ही सोय तुम्ही आयुष्यात वापरणार नसलात तरी ठेवाच. २०१८ च्या जानेवारीत एफ-सिक्युअर या सुरक्षा कंपनीच्या हॅरी सिंटोनेन यांनी दाखवून दिलं की कारखान्याचा पासवर्ड तसाच असलेल्या लॅपटॉपपाशी कुणी मिनिटभर एकटा बसला तरी तो एएमटी चालू करून स्वतःचा पासवर्ड ठेवून जाऊ शकतो. बायॉसला पासवर्ड होता, बिटलॉकर होतं, तरी त्याला आडवं काही आलं नाही, कारण हे पान त्या दोन्हींच्या आधी उघडतं. आपल्याकडे लॅपटॉप रिपेअरला दिला की चार दिवस कुणाच्या टेबलावर असतो हे कुणाला माहीत असतं?

पासवर्डचा नियम जरा चमत्कारिक आहे. किमान आठ अक्षरं, त्यांत कॅपिटल, स्मॉल, आकडा आणि एक चिन्ह. चिन्ह म्हणून अंडरस्कोअर टाकलं तर तो घेतो पण मोजत नाही, त्यामुळे 'पासवर्ड पुरेसा नाही' असं परत परत येतं आणि माणूस वैतागतो. दुहेरी अवतरण, स्वल्पविराम आणि विसर्गासारखा कोलन चालत नाही. अ‍ॅट नाहीतर उद्गारचिन्ह घ्या आणि मोकळे व्हा.

अ‍ॅडमिन चाललाच नाही तर समजायचं की आधी कुणीतरी इथे येऊन गेलंय. घाबरायचं नाही, पण वायरही लावायची नाही. एचपीच्या बायॉसमध्ये पुढच्या बूटला एएमटी अनकॉन्फिगर करण्याचा पर्याय असतो, लेनोव्होच्या बायॉसमध्येही मॅनेजेबिलिटी रीसेट असतं. ते नसेल तर प्लग काढा, पॉवरचं बटण दाबून उरलेली वीज जाऊ द्या, बोर्डावरचा सीआर-२०३२ सेल काढून चहा पिऊन या. बऱ्याच डेस्कटॉपवर एवढ्याने पासवर्ड परत अ‍ॅडमिनवर येतो. सेल जुनाच असतो, तेव्हा नवा घालूनच टाका. लॅपटॉपवर हा उपाय चालेलच असं नाही. पासवर्ड निघत नसेल तर मी तो लॅपटॉप विक्रेत्याला परत पाठवते, भीड ठेवत नाही.

आत शिरल्यावर 'अनकॉन्फिगर नेटवर्क अ‍ॅक्सेस' शोधा आणि त्यात पूर्ण, म्हणजे फुल अनप्रोव्हिजन निवडा. आधीच्या कंपनीने मशीन आपोआप स्वतःच्या सर्व्हरला जोडायची सोय करून ठेवली असेल तर ती यात पुसली जाते. तुम्ही स्वतः उद्या मशीन विकाल तेव्हाही डिस्क पुसण्याबरोबर हे करा.

काही मशीनांत मेन्यूच दिसत नाही. डेल काही मशीनं कारखान्यातूनच ही सोय बंद करून विकतं, किंवा बायॉसमध्ये मॅनेजेबिलिटी डिसेबल असतं. ज्यांना दुरून काही करायचं नाही त्यांनी पासवर्ड बदलून झाल्यावर बायॉसमध्ये ती डिसेबलच ठेवावी. एका टेबलावरच्या दुकानाला याहून जास्त काही लागत नाही.

आवृत्तीचा शेवटचा आकडा

एमईबीएक्समध्ये किंवा बायॉसच्या माहितीच्या पानावर फर्मवेअरची आवृत्ती चार भागांत लिहिलेली असते, उदाहरणार्थ ११.६.२७.३२६४. तिकडे बघायचं कारण १ मे २०१७ ला इंटेलने जाहीर केलेली चूक. आवृत्ती ६ पासून ११.६ पर्यंतच्या एएमटीत ती होती.

ती चूक इतकी साधी होती की मी ती शिकाऊ पोरांना मुद्दाम समजावून सांगते. लॉगिन करताना ब्राउझर पासवर्डवरून काढलेलं एक उत्तर पाठवतो आणि एएमटी ते आपल्याजवळच्या बरोबर उत्तराशी ताडून बघते. किती अक्षरं ताडायची? तर समोरून जितकी आली तितकी. मग समोरच्याने रिकामं उत्तर पाठवलं की शून्य अक्षरं ताडायची, शून्य अक्षरं नेहमीच जुळतात, आणि दार उघडतं. पासवर्ड तुमचा कितीही पक्का असो.

दुरुस्त आवृत्ती ओळखायची खूण सोपी आहे. या आवृत्त्यांमध्ये चौथा आकडा ३००० किंवा त्याच्या वर असेल तर ती चूक भरून काढलेली आहे. खाली असेल तर मशीनच्या कंपनीच्या सपोर्ट पानावर मॉडेल टाकून एमई फर्मवेअरचं पॅकेज शोधा, काही कंपन्या ते बायॉसच्या अपडेटमध्येच देतात. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आवृत्ती ११ च्या एमईत आणखी गंभीर चुका निघाल्या, म्हणून ३००० पार आहे म्हणून थांबू नका, उपलब्ध असलेलं शेवटचं पॅकेजच घाला. इंटेलचं तपासणीचं मोफत टूलही आहे, ते मशीनवर चालवलं की धोका आहे की नाही ते सरळ सांगतं.

अपडेट यूपीएसवरच करा. लाईट मध्येच गेली आणि फर्मवेअर अर्धवट राहिलं तर बोर्ड मेला म्हणून समजा. उन्हाळ्यात वळवाचा पाऊस येतोय असं दिसलं की मी हे काम दुसऱ्या दिवसावर ढकलते.

आता ती आपल्यासाठी चालू करायची

जतची किंवा आटपाडीची शाखा असेल तर जाण्या-येण्यात अख्खा दिवस जातो, आणि जाऊन काय करायचं असतं, तर अपडेटमध्ये अडकलेलं मशीन बटण दाबून परत चालू करायचं. दुरून स्क्रीन बघायचं एनीडेस्क विंडोज चालू असेल तरच उपयोगी. निळा स्क्रीन आलाय, बूट डिस्क सापडत नाही, बायॉसने एफ-१ दाबायला सांगितलंय, मशीन बंदच आहे, अशा वेळी एएमटीच हात देते.

काही अटी आहेत. वायरचं नेटवर्क लागतं आणि वायर बोर्डावरच्या मूळ पोर्टमध्येच हवी. वीज पडून तो पोर्ट गेला आणि कुणी वेगळं लॅन कार्ड घातलं असेल तर एएमटीला ते दिसत नाही. स्क्रीन बघायचा तर प्रोसेसरमधलंच ग्राफिक्स वापरात हवं, वेगळं कार्ड असेल तर चित्र येत नाही. मॉनिटर जोडलेलाच नसेल तरीही येत नाही, तिथे डमी एचडीएमआय प्लग लावतात.

एमईबीएक्समध्ये एएमटी कॉन्फिगरेशनच्या आत क्रमाने हे बघते. मॅनेजेबिलिटी एनेबल. रिडायरेक्शन आणि केव्हीएम, म्हणजे दुरून स्क्रीन, कीबोर्ड, माउस, एनेबल. नेटवर्कमध्ये मशीनला नाव, आणि आयपी डीएचसीपीवरच, म्हणजे राउटरने द्यायचा, ठेवते. एएमटी आणि विंडोज मग एकच आयपी वापरतात. तो आयपी राउटरमध्ये मशीनच्या मॅक पत्त्याशी बांधून टाकते, म्हणजे बदलत नाही. पॉवर कंट्रोलमध्ये दोन पर्याय असतात. पहिल्यात मशीन चालू असेपर्यंतच एमई जागा राहतो, दुसऱ्यात झोपलेल्या आणि बंद मशीनमध्येही वेक होतो. दुसरा निवडला नाही तर सगळा खटाटोप फुकट. शेवटी 'अ‍ॅक्टिव्हेट नेटवर्क अ‍ॅक्सेस' आणि बाहेर.

यानंतर बायॉसमध्ये एकदा जावंच लागतं. डेलमध्ये डीप स्लीप कंट्रोल बंद करा, एचपीमध्ये एस-फाइव्ह मॅक्झिमम पॉवर सेव्हिंग्ज बंद करा. वीज वाचवायच्या या सोयी शटडाउननंतर लॅनची वीजही तोडतात आणि मग माणूस एएमटीला दोष देत बसतो.

आता वायर लावा आणि तपासणी दुसऱ्या मशीनवरून करा. त्याच मशीनच्या ब्राउझरमधून स्वतःचा आयपी टाकून बघाल तर फसाल, तो निरोप एमईपर्यंत पोचतच नाही. दुसऱ्या मशीनच्या ब्राउझरमध्ये आयपी, मग कोलन, मग १६९९२ टाका. एन्क्रिप्शन लावलेलं असेल तर पुढे एचटीटीपीएस आणि पोर्ट १६९९३. लॉगऑनचं साधंसं पान येईल, नाव अ‍ॅडमिन, पासवर्ड तुम्ही ठेवलेला. मशीन बंद करून परत तेच करा. एमई झोपला असेल तर पहिल्यांदा उत्तर येत नाही, अर्ध्या मिनिटाने परत टाका. बंद डब्याने रॅम किती आणि सिरियल नंबर काय ते सांगितलं की काम झालं.

हीच तपासणी उलटीही वापरते. नव्या गिऱ्हाइकाकडे गेले की आधी अख्ख्या ऑफिसच्या नेटवर्कवर १६९९२ आणि १६९९३ ला कोण उत्तर देतं ते स्कॅन करून बघते. उत्तर देणारं एखादं मशीन निघालं की 'याचा पासवर्ड कुणाकडे आहे?' असं विचारते, आणि सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात.

त्या ब्राउझरच्या पानावरून चालू, बंद, रीस्टार्ट एवढंच होतं. स्क्रीनसाठी मी मेशसेंट्रल वापरते, ते मुक्तस्रोत आहे आणि एएमटी ओळखतं. एक मात्र लक्षात ठेवा, एएमटीने केलेलं 'बंद' म्हणजे वीज तोडल्यासारखं बंद. टॅली उघडं असेल तर डेटा बिघडेल. विंडोज उत्तर देत असेल तोवर विंडोजमधूनच बंद करा.

आणि समोरच्या माणसाला सांगून करा. एमईबीएक्समध्ये युझर कन्सेंट नावाची सोय आहे, ती केव्हीएमसाठी चालू ठेवली की समोरच्या स्क्रीनवर सहा आकडी कोड येतो, तो त्याने फोनवर सांगितल्याशिवाय तुम्हाला चित्र दिसत नाही. दिसायला लागल्यावर त्याच्या स्क्रीनच्या कडेने लाल-पिवळी पट्टी लुकलुकते. कॅशियरच्या मशीनवर मी कन्सेंट चालूच ठेवते. संस्थेच्या सर्व्हरपुढे रात्री कुणी नसतं, तिथेच तो काढते, आणि तेही व्यवस्थापकांच्या लेखी परवानगीने.

मेन स्विच

या सगळ्यावर पाणी ओतणारी गोष्ट तांत्रिक नाहीच. जत तालुक्यातल्या एका शाखेत सगळं लावून, तपासून मी सांगलीला आले आणि रात्री बघते तर मशीन गायब. फोन केला तर शिपाईमामा म्हणाले, "आवं मॅडम, मी रोज मेन बंद करूनच कुलूप लावतो. रातभर लाईट कशाला जाळायची?" त्यांचं काही चुकलं नव्हतं. शॉर्ट सर्किटची भीती खरी आहे, आणि 'बंद करूनच घरी जायचं' हे त्यांना नोकरीला लागल्या दिवशी सांगितलेलं.

उपाय एवढाच की इलेक्ट्रिशियनकडून इन्व्हर्टरवर एक वेगळी लाइन घेतली. त्यावर राउटर, स्विच आणि जी मशीनं रात्री जागी हवीत तीच. बाकी सगळं मामांनी नेहमीप्रमाणे मेनवरून बंद करायचं. सॉकेटवर लाल टेप आणि 'काढू नये' अशी चिठ्ठी, खाली व्यवस्थापकांची सही. सही असल्याशिवाय चिठ्ठीला किंमत नसते.

सांगली शहरात पावसाळ्यात मात्र उलटं सांगते. आयर्विन पुलापाशी पाणी इशारा पातळीच्या, म्हणजे ४० फुटांच्या दिशेने निघालं की तळमजल्यावरच्या गिऱ्हाइकांना माझा फोन जातो: शटडाउन करून थांबू नका, प्लग भिंतीतून काढा आणि डबा वरच्या मजल्यावर न्या. शटडाउन केलेल्या मशीनच्या बोर्डावर वीज असतेच. २०१९ आणि २०२१ चे पूर बघितलेल्या पेठेत हे पटवून द्यावं लागत नाही.

घरून किंवा दुकानातून शाखेत कसं पोचायचं

राउटरमध्ये १६९९२ ते १६९९५ हे पोर्ट इंटरनेटवर उघडे करू नका. कुणी 'पोर्ट फॉरवर्ड करून देतो, पाच मिनिटांचं काम' म्हणाला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. २०१७ ची ती चूक ज्यांना सर्वांत जास्त भोवू शकत होती ते असे पोर्ट उघडे टाकलेलेच होते.

शाखेत चोवीस तास चालणारं एक छोटं यंत्र लागतं, रास्पबेरी पाय पुरतं. त्यावर वायरगार्ड किंवा टेलस्केल हे व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून जाणारी खाजगी वाट, टाकायचं आणि शाखेच्या अख्ख्या नेटवर्ककडे जाणारी वाट त्यातून काढायची. तालुक्याच्या गावांत लोकल फायबरवाले बहुधा स्वतंत्र पब्लिक आयपी देत नाहीत, तिथे टेलस्केल बरं पडतं, कारण जोडणी आतून बाहेर जाते. ज्या मशीनला जागं करायचंय त्याच मशीनवर व्हीपीएन टाकून भागत नाही. ते बंद असतं तेव्हा व्हीपीएनही बंद असतं. हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारतात की आता मी कोटेशनमध्येच पायची किंमत वेगळी ओळ म्हणून लिहिते.

पासवर्ड प्रत्येक शाखेचा वेगळा. तो बंद पाकिटात घालून संस्थेच्या तिजोरीत, पाकिटावर तारीख. मी उद्या काम सोडलं तर पुढच्या माणसाला सेल उपसत बसायला लागू नये.

एमई उपटून टाकता येतो का

इंटरनेटवर वाचून येणारे तरुण हे हमखास विचारतात. पूर्ण काढता येत नाही. त्याचं फर्मवेअर नाहीसं केलं तर बऱ्याच पिढ्यांची मशीनं चालू झाल्यावर ३० मिनिटांनी आपोआप बंद पडतात. २०१७ मध्ये पॉझिटिव्ह टेक्नॉलॉजीजच्या संशोधकांना एक लपलेला बिट सापडला, अमेरिकी सरकारच्या जास्त सुरक्षेच्या मशीनांसाठी ठेवलेला. तो लावला की एमई मशीन सुरू करून देण्यापुरतं काम करतो आणि गप्प बसतो. एमई-क्लीनर नावाचं मोफत टूल हे करतं, पण त्यासाठी बायॉसच्या चिपला चिमटा लावून स्वस्तातल्या सीएच-३४१-ए प्रोग्रामरने ती वाचावी आणि परत लिहावी लागते.

माझं मत विचाराल तर शंका रास्त आहे. ज्याचा कोड बाहेरच्या कुणाला नीट तपासता येत नाही आणि ज्याला मशीनमधलं सगळं दिसू शकतं, त्यावर आंधळा विश्वास ठेवायला कुणी सांगू नये. पण सांगलीतल्या पतसंस्थेला खरा धोका कुठून येतो, ते मी रोज बघते. मॉनिटरला चिकटवलेल्या पासवर्डच्या चिठ्ठीतून, क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरमधून आणि न बदललेल्या अ‍ॅडमिनमधून. चिमट्याचे प्रयोग स्वतःच्या जुन्या थिंकपॅडवर खुशाल करा, मूळ चिपची प्रत आधी दोनदा वाचून ताडून ठेवा. गिऱ्हाइकाच्या मशीनवर करू नका, वॉरंटी आणि टीपीएम दोन्ही जातील.

एएमडीवाल्यांसाठी थोडंसं

एएमडीतही असाच वेगळा सुरक्षा प्रोसेसर असतो, पीएसपी नावाचा, एआरएमचा गाभा असलेला. टीपीएम तिथेही त्याच्यातच चालतं, त्यामुळे बायॉस अपडेटआधी बिटलॉकर सस्पेंड करण्याचा नियम जसाच्या तसा लागू. २०२२ मध्ये एएमडीने मान्य केलं होतं की काही रायझन मशीनं या टीपीएममुळे मधूनच क्षणभर अडखळतात. त्यावर उपाय बायॉस अपडेटचाच होता, तेव्हा जुनं रायझन अडकत असेल तर विंडोज परत टाकण्याआधी तेवढं बघा.

दुरून ताब्याची सोय एएमडीत रायझन प्रोमध्ये डॅश नावाने येते. नुसता प्रो प्रोसेसर असून भागत नाही, लॅनची चिप आणि बायॉस दोन्हींनी डॅश ओळखायला हवं, आणि बॉक्सवर ते लिहिलेलं असेलच असं नाही. एएमटीएवढं हातात बसलेलं, स्क्रीनसकट चालणारं साधन मला तिकडे मिळालं नाही. म्हणून लांबच्या शाखेसाठी मी व्हीप्रोचं इंटेल घेते, आणि दुकानासमोरच्या गिऱ्हाइकाला एएमडी स्वस्त मिळत असेल तर बिनधास्त घ्या म्हणते.